पाच गुंठे मेथी, पंचेचाळीस गिऱ्हाइकं

वाचकाचं पत्र

"मोहोळ तालुक्यात आमचं तीन एकर काळं रान आहे. विहीर आहे, एक बोअर आहे, दोन खिलार गाई आहेत. दोन वर्षांपासून रासायनिक खत-औषध बंद केलंय. गेल्या दसऱ्यापासून सोलापुरात घरोघरी भाजी देतो. मालक दर रविवारी छोटा हत्ती घेऊन जातात, पोचायला अकरा वाजतात. सुरुवातीला ४५ घरं होती, आता २८ राहिलीत. पाच गुंठे मेथी टाकली, ती एकदमच आली. निम्मी जनावरांना घातली आणि पुढचे तीन आठवडे पालेभाजीच नव्हती. भाजी सुकलेली असते असं लोक म्हणतात. काहीजण प्रमाणपत्र मागतात. टोमॅटोची पानं आखडलीत, जीवामृत देऊनही फरक नाही. दीर म्हणतात, हे सोडा आणि माल मार्केट यार्डात घाला. काय करावं?"

– एक भगिनी, मोहोळ तालुका

ताई, नमस्कार.

तुमचे निम्मे प्रश्न त्या पाच गुंठ्यांतून निघालेत, म्हणून आधी तिथंच येऊ. एका गुंठ्यात साधी मेथी ७० ते ८० किलो निघते. पेंडी २०० ग्रॅमची धरली तर साडेतीनशे-चारशे पेंड्या झाल्या. पाच गुंठ्यांत सतराशे ते दोन हजार. तुमची घरं ४५. प्रत्येकानं दोन-दोन पेंड्या घेतल्या तरी ९० जातात. त्यात मेथी काढणीला आली की चार-पाच दिवसच कोवळी राहते. नुकसान काढणीला झालं नाही, पेरणीच्या दिवशीच ठरून गेलं होतं. तुम्ही पेरलंत यार्डासाठी आणि विकायला निघालात घरोघरी. यार्डात एकच माल जास्त असला तरच भाडं परवडतं. घरोघरी द्यायचं तर दहा माल थोडे थोडे लागतात, आणि तेही प्रत्येक आठवड्याला.

मग मेथीचं माप काय? ४ फूट रुंद, ४० फूट लांब असा एक गादीवाफा. त्यात ६० ते ७० ग्रॅम बी, ओळीत, बोटाच्या एका पेराएवढं खोल. यातून १० किलोच्या आसपास मेथी निघते, म्हणजे पन्नासेक पेंड्या. तुमच्या आत्ताच्या घरांना पुरून उरतात. असा एकच वाफा दर आठवड्याला एका ठरलेल्या वारी टाकायचा. पाऊस आला, पाहुणे आले, लग्न निघालं तरी तो वार चुकवायचा नाही. एक पेरणी चुकली की महिन्याभरानं एक रविवार रिकामा जातो, आणि तोवर ती चूक आठवणीतही नसते.

दिवस उलटे मोजा. मेथीला २५ ते ३० दिवस लागतात, थंडीत चार-पाच दिवस जास्त. कोथिंबिरीला ३५ ते ४५. तिलाही दर आठवड्याला तेवढाच एक वाफा, १०० ते १२० ग्रॅम धणे. धणे चपलेखाली रगडून दोन फाकी करा आणि रात्रभर भिजवून मग पेरा. आख्खे टाकले तर उगवण उशिरा आणि विरळ होते. पालक मात्र दर आठवड्याला पेरायची गरज नाही. महिन्याभरात पहिली कापणी येते, पुढं दर १५-२० दिवसांनी कापता येतो. दोन वाफे आलटून पालटून कापा आणि पाच-सहा आठवड्यांनी नवे टाका. शेपू, चुका, तांदुळजा यांना अर्धा-अर्धा वाफा पुरतो. शेपू सगळ्याच घरांत चालत नाही, हे तुम्हालाही माहीत असेलच.

फळभाज्यांचं गणित ४० घरांसाठी मांडून दाखवतो, कारण तिथपर्यंत परत जायचंच आहे. घरटी आठवड्याला अर्धा किलो भेंडी म्हणजे २० किलो. तोडे दीड-दोन महिने चालतात. सेंद्रिय रानात एका गुंठ्यातून आठवड्याला १० किलो धरून चला, म्हणजे भेंडीला २ गुंठे लागतात. पहिली भेंडी तोड्यावर आली की दुसरी टाकायची. वांग्याला दीड ते दोन गुंठे पुरतात, तोडे तीन महिने. टोमॅटो घरटी १ किलो धरला तर बांधणी करून दीड ते दोन गुंठे, आणि दर दोन महिन्यांनी नवी लागण. गवार, दोडका, कारलं, काकडी यांना प्रत्येकी एक गुंठा भरपूर झाला. मिरची आणि कढीपत्ता बांधाच्या कडेनं. पालेभाजीसह एवढं सगळं १८-२० गुंठ्यांत बसतं. तुमचं रान १२० गुंठे आहे. तीन एकरभर भाजी करायला गेलात म्हणून हात पुरेनात आणि पाणीही पुरेना, असा आमचा अंदाज आहे.

उरलेल्या रानात रब्बीची ज्वारी, हरभरा, तूर, करडई, मूग घ्या. शहरातली बरीच घरं मार्च-एप्रिलमध्ये वर्षाची बेगमी करतात. मालदांडीची ज्वारी चाळून, कडक वाळवून २५-२५ किलोच्या पोत्यात दिली तर एका घराकडून एकदाच चांगली रक्कम येते, तीही ऐन उन्हाळ्यात भाजी कमी पडते तेव्हा. वाळली की नाही हे दाताखाली दाणा धरून बघा. कट्‌कन फुटला तर वाळला, चेपला तर अजून एक ऊन द्या. नाहीतर पावसाळ्यात टोके (दाणे पोखरणारे किडे) होतात आणि गिऱ्हाईक पोतं परत आणून देतं.

सोलापूरचा उन्हाळा हा मोठा अडथळा आहे. मार्चच्या मध्यापासून मेथी आणि कोथिंबीर उघड्यावर नीट उगवत नाहीत, आणि उगवली तरी लवकर फुलावर जातात. ५० टक्के सावलीच्या शेडनेटखाली दोन-तीन वाफे धरता येतात, पाणी संध्याकाळी द्यायचं. पण एप्रिल-मेमध्ये तोच माल हट्टानं काढण्यापेक्षा तांदुळजा, अंबाडी, चुका, गवार, शेवग्याच्या शेंगा आणि पाला यांच्यावर या. विहिरीचा तळ दिसायला लागला की २० गुंठ्यांवरून ८ गुंठ्यांवर यायचं, आणि हे गिऱ्हाइकांना फेब्रुवारीतच सांगून ठेवायचं. सांगितलेली तूट लोक समजून घेतात. अंबाडीला कमी लेखू नका. सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौक, साखर पेठेकडच्या तेलुगु घरांत ती हवीच असते, कानडी घरांतही पुंडीपल्ल्या म्हणून खपते, आणि ती ऊन सोसते. तुमची सगळी घरं जुळे सोलापूर आणि विजापूर रोडला असतील तर या भागात पाच-सहा घरं शोधाच.

सणांचं पेरणीच्या वहीत आधी लिहा. भोगीच्या आदल्या आठवड्यात गाजर, वांगी, पावटा, हरभऱ्याचे घाटे यांना मिळतो तसा उठाव वर्षात क्वचित मिळतो. त्यासाठी पावटा ऑगस्ट-सप्टेंबरात, गाजर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, हरभरा ऑक्टोबरच्या मध्यात पडला पाहिजे. गाजराला ९० ते १०० दिवस लागतात. दिवाळीनंतर आठवण झाली तर तेव्हा उशीर झालेला असतो.

आता सुकलेल्या भाजीचं. सकाळी नऊला काढलेली पालेभाजी उन्हातून अकराला सोलापुरात पोचली तर ती माना टाकणारच, त्यात सेंद्रियचा दोष नाही. दोन बदल करा. उन्हाळ्यात पालेभाजी शनिवारी संध्याकाळी सहानंतर काढा, थंडीत रविवारी पहाटे. आणि गाडी अशी काढा की साडेसातला पहिलं घर झालं पाहिजे. मेथी मुळासकट उपटली की माती झटका, सावलीत घमेल्यात बोटभर पाण्यात मुळं बुडवून १५-२० मिनिटं उभी ठेवा. मुळं पाणी ओढतात आणि पेंडी ताठ होते. पानं मात्र भिजवायची नाहीत. सगळी पेंडी धुऊन प्लास्टिकच्या पिशवीत बांधली की आतून सडते, आणि गिऱ्हाईक सोमवारी फोटो पाठवतं. क्रेटमध्ये पेंड्या उभ्या लावा, वरून ओलं पिळलेलं बारदान टाका. भेंडी कोरडीच ठेवायची. हातमोजे घालून तोडा, कारण बोटांनी दाबलेली जागा दुसऱ्या दिवशी काळी पडते.

शनिवारची भाजी रात्रभर ठेवायला विटांचा शीतकक्ष बांधा. ही रचना दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची आहे. वीज लागत नाही, आणि सोलापूरच्या कोरड्या हवेत ती उत्तम चालते. झाडाखाली किंवा छपराखाली, जिथं वारा लागतो अशी जागा घ्या. विटांचा एक थर पायाला, साधारण साडेपाच फूट बाय पावणेचार फूट. त्यावर दुहेरी भिंत, दोन भिंतींत तीन इंचांची फट, उंची सव्वादोन फूट. फटीत धुतलेली नदीची वाळू भरा. वर बांबूच्या चौकटीवर वाळा किंवा बारदानाचं झाकण. चार-पाचशे विटा लागतात, साधारण १०० किलो माल बसतो. पहिल्या दिवशी वाळू, विटा, झाकण सगळं पाण्यानं चिंब करा, मग सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा. एक ठिबकची नळी वाळूवर फिरवून टाकीला जोडली तर तेही काम सुटतं. ऐन उन्हाळ्यात आत बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंश गारवा असतो, आणि एका दिवसात सुकणारी पालेभाजी तीन दिवस धरते.

फसतो कुठं? उन्हात बांधला तर फसतो. भिंत सिमेंटनं गिलावा करून 'पक्की' केली तर फसतो, कारण विटांतून पाणी उडालं तरच गारवा होतो. न धुतलेल्या वाळूत माती असली की पाणी खाली झिरपत नाही. क्षाराचं बोअरचं पाणी वापरलं तर वर्षा-दोन वर्षांत विटांवर पांढरा थर चढून छिद्रं बुजतात, म्हणून विहिरीचं पाणी वापरा. पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हा त्याचा फारसा उपयोग नाही, आणि तेव्हा लागतही नाही.

जीवामृताबद्दल थोडं स्पष्ट बोलावं लागेल. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, मूठभर बांधावरची माती. यात मुळात शेणच १० किलो, मग एकराला पुरेल एवढं अन्नद्रव्य येणार कुठून? ते जिवाणूंचं विरजण आहे, कुजलेलं खत नसेल तर त्या जिवाणूंना खायला काही नाही. भाजीला गुंठ्याला २०० ते २५० किलो कुजलेलं शेणखत लागतं, २० गुंठ्यांना ४ ते ५ टन. दोन खिलार गाईंचं शेण दिवसाला १८-२० किलो धरा, वर्षाचं ओलं सात टन, कुजून निम्मं. म्हणजे तुमच्या गाई भाजीच्या २० गुंठ्यांनाही पुऱ्या पडत नाहीत. बाकीच्या रानात जूनमध्ये मूग पेरा, शेंगा तोडून पाला रानातच गाडा आणि त्यावर रब्बी ज्वारी घ्या. पाऊस चांगला असेल तर ताग, एकरी २० ते २५ किलो बी, ४५ दिवसांत फुलावर यायच्या आत गाडायचा. बाहेरून शेणखत घ्यावं लागलं तर पूर्ण कुजलेलंच घ्या. जीवामृत ठिबकमधून सोडताना दोनदा कापडानं गाळा आणि नंतर अर्धा तास साधं पाणी सोडा, नाहीतर ड्रिपर बुजतात.

आणि एक काळजी: कोथिंबीर लोक कच्ची खातात. तिच्या पानांवर काढणीच्या आधी शेणाचं द्रावण फवारू नका, मुळांनाच द्या. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत कच्चं शेण घातल्यापासून मातीला टेकणारी भाजी काढेपर्यंत १२० दिवस जावे लागतात, इतकी ही गोष्ट गंभीर आहे.

टोमॅटोची पानं आखडण्याचं कारण खताची कमतरता असेल असं वाटत नाही. रानात उभं राहून एक गोष्ट बघा. आखडलेली झाडं मधेमधे विखुरलेली आहेत की एका बाजूची सगळीच? विखुरलेली असतील, पानं वर वळून पिवळसर बारीक झाली असतील, तर पांढऱ्या माशीनं पसरवलेला विषाणू आहे. ती झाडं उपटून पुरा, पिवळे चिकट सापळे लावा आणि पुढची रोपं बारीक जाळीखाली तयार करा. पण शेजारच्या उसाकडच्या बाजूची सगळी झाडं एकदम पिळवटली असतील, पानं अरुंद होऊन शिरा समांतर दिसत असतील, आणि बांधावरचं रुंद पानांचं तणही तसंच वाकलं असेल, तर ते २,४-डी या तणनाशकाचं वाऱ्यावर आलेलं फवारं आहे. त्याला औषध नाही. शेजाऱ्याला भेटून वारा पडलेल्या वेळी फवारायची विनंती करा, आणि त्या बाजूला कडवळ किंवा शेवरीच्या दोन-तीन दाट ओळी लावा. त्या ओळींतला माल सेंद्रिय म्हणून विकायचा नाही. अशी फवारणी झालेल्या रानातलं पाचट आच्छादनाला आणलं तरी टोमॅटोची हीच गत होते, तेही आठवून बघा.

निंबोळी अर्क वापरत असाल तर ५ किलो निंबोळी कुटून रात्रभर १० लिटर पाण्यात, गाळून १०० लिटर, थोडा रिठा किंवा साबण, आणि फवारणी संध्याकाळी. बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर त्यात अर्काचा गुण लवकर जातो, उन्हातही जातो. बऱ्याचदा 'निंबोळी चालत नाही' या तक्रारीमागं हेच असतं. पाण्यात थोडा लिंबाचा रस घालून बघा आणि अर्क त्याच दिवशी संपवा.

प्रमाणपत्राचं थोडक्यात सांगतो. २०१७ च्या सेंद्रिय अन्नाच्या केंद्रीय नियमांप्रमाणे लहान शेतकऱ्यानं स्वतः थेट खाणाऱ्याला विकलेल्या कच्च्या मालाला प्रमाणपत्राची सक्ती नाही. पण प्रमाणपत्राशिवाय 'जैविक भारत'चं, म्हणजे सेंद्रिय मालाचं सरकारी चिन्ह पिशवीवर छापायचं नाही. प्रक्रिया केलेल्या मालाला ही सूट नाही, म्हणून शेंगाचटणी किंवा लोणचं द्यायचं मनात असेल तर आधी अन्नसुरक्षा नोंदणी करा. दुकानात सेंद्रिय म्हणून माल ठेवायचा असेल तर प्रमाणपत्र लागेलच. त्यातल्या त्यात सोपी वाट पीजीएस-इंडियाची, त्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो आणि गटातलेच एकमेकांची रानं तपासतात. हंगामी पिकांना रूपांतराची, म्हणजे रासायनिकातून सेंद्रियात यायची, दोन वर्षं धरतात, पण तुमची दोन वर्षं नोंदीशिवाय गेली असतील तर ती मोजली जातीलच असं नाही. म्हणून आजपासून एक वही: तारीख, वाफा, काय घातलं, कुठून आणलं. गिऱ्हाइकानं विचारलं की या वहीच्या पानाचा फोटो पाठवा. आणि हुरड्याच्या दिवसांत सगळ्यांना रानात बोलवा. वजनकाटा मात्र वैधमापनवाल्यांकडून दरवर्षी तपासून शिक्का मारून घ्या.

दिरांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. जास्तीचा कांदा, वांगी, टोमॅटो यार्डात जाऊ द्या. पण सेंद्रिय म्हणून तिथं वेगळा भाव मिळेल अशी आशा धरू नका. २०१६ पासून राज्यात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा आहे, त्यामुळं थेट विकायला आडकाठी नाही. पणन मंडळाचे शेतकरी आठवडे बाजारही आहेत. ते संत सावता माळींच्या नावानं चालतात, आणि सावतोबांचं अरण तुमच्या शेजारच्या माढा तालुक्यातलं.

फेरीचा खर्च मात्र बघा. डिझेल, दोन माणसांची मजुरी, गाडीचा घसारा हे ४५ घरांवर वाटलं जात होतं, ते २८ वर आलं की घरामागं दीडपटीहून जास्त झालं. घरोघरी जिने चढण्याऐवजी चार ठिकाणं ठरवा, प्रत्येक ठिकाणी पाऊण तास थांबा आणि घरपोच हवं असेल त्याला वेगळे पैसे लावा. भाव तीन महिन्यांसाठी एकच ठेवा. मंडईत मेथी पाच रुपयांना झाली तरी कमी करू नका, चाळीसला गेली तरी वाढवू नका. चार आठवड्यांचे पैसे आगाऊ घ्या.

गेलेल्या १७ घरांना लगेच बोलवू नका. आधी सहा आठवडे वाफे ठरल्या वारी पडू द्या, शीतकक्ष चालू द्या, आणि आहेत त्या २८ घरांचे तीन-चार रविवार न चुकता जाऊ द्या. मग ग्रुपवर मेसेज न टाकता एकेकाला दुपारी फोन करा. दाजींपेक्षा तुम्हीच करा, कारण भाजी काय येते आणि काय शिजतं हे तुम्हाला नेमकं सांगता येईल. दोनच गोष्टी विचारा: कोणत्या तीन भाज्या तुमच्या घरात दर आठवड्याला लागतातच, आणि का थांबवलं. उत्तरं त्याच वहीत लिहा. पुढच्या हंगामाचे वाफे त्यावरून आखायचे आहेत.